चौथ्या गाण्यातली पावलं

१

सेनबाईंचं खरं नाव कारखान्यात फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. गाण्याच्या तबकड्या छापणाऱ्या त्या लहानशा कारखान्यात त्या बावीस वर्षं एकच काम करत होत्या. ऐकायचं. साच्यातून निघालेल्या तबकड्यांतली दर पंचविसावी प्रत उचलायची, प्लेअरवर चढवायची आणि कुठे खरखर आहे, कुठे टक्क वाजतंय, कुठे आवाज दबलाय ते वहीत लिहायचं. लाल शिक्का मारला तर अख्खी खेप परत चुऱ्यात जायची. कोणीतरी कधीतरी त्यांना कौतुकानं ‘कानसेनबाई’ म्हटलं, तोंडाला ते मोठं पडतं म्हणून पुढे नुसतं ‘सेनबाई’ झालं, आणि नव्याने आलेल्यांना तर ते आडनावच वाटायचं. त्यांनीही कधी ते दुरुस्त केलं नाही.

त्यांची खोली कारखान्याच्या मागच्या अंगाला होती. खिडकी नाही. भिंतींना जाड करडा नमदा. एक खुर्ची, एक टेबल, समोर दोन स्पीकर, खिळ्याला हेडफोन. दार लोटलं की बाहेरच्या यंत्रांचा गोंगाट चाकूनं कापल्यासारखा बंद व्हायचा आणि आपणच गिळलेला आवंढा आपल्याला ऐकू यायचा. नव्या माणसाला तिथे पाच मिनिटांत गुदमरल्यासारखं व्हायचं. सेनबाईंना मात्र बाहेर जास्त गुदमरायला व्हायचं.

त्या मंगळवारी त्या नेहमीपेक्षा अर्धा तास आधीच आल्या होत्या. कारण टेबलावरची खेप घरची होती. त्यांच्या ताईची मुलगी, खारू, हिचा पहिला अल्बम. लहानपणी दोन हातांत धरून काहीबाही कुरतडत बसायची म्हणून तिला खारूताई म्हणायचे. ती आता सव्वीस वर्षांची होऊन गिटार वाजवत होती, तरी नाव तेच. दोन मैत्रिणींना घेऊन तिनं चार वर्षं गाणी लिहिली, चाली बांधल्या, कुठल्याही मोठ्या कंपनीच्या दारात न जाता स्वतःच ती मुद्रित केली. अल्बमचं नाव ‘हलकं सामान’. तीनशे प्रती. शनिवारी प्रकाशन.

“आधी फोनवर ऐकवू की आधी तबकडी काढू गं मावशी?” असं तिनं विचारलं होतं तेव्हा सेनबाईच म्हणाल्या होत्या, “तबकडी काढ. हातात धरता येईल असं काहीतरी काढ. फोनवरचं काय, आलं नि गेलं.”

२

नमुन्याच्या प्रती दोन आठवड्यांपूर्वीच ऐकून झाल्या होत्या. त्या स्वच्छ होत्या. आता खेपेतली पहिली प्रत त्यांनी लावली, तीही स्वच्छ. चौथं गाणं त्यांचं आवडतं होतं. त्यात इतर दोघी नव्हत्या. एका रिकाम्या खोलीत खारू एकटी, गिटार घेऊन. घर सोडून जाणाऱ्या माणसाचं गाणं. ‘खोली केली रिकामी, आवाज तेवढा राहू दे.’ खोली किती मोठी, भिंती उघड्या की पडदे लावलेले, गाणारी भिंतीपासून किती लांब, सगळं सेनबाईंना नुसत्या ऐकण्यावरून कळत असे. ही खोली लांबट होती. खारू मध्यभागी, जरा मागे. उजवीकडे, बरंच दूर, दार असावं.

मग पंचविसावी प्रत लावली. तिसऱ्या कडव्याच्या आधी गिटार जिथे क्षणभर थांबते, तिथे दार उघडलं.

सेनबाईंनी दचकून आपल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. ते बंद होतं. त्यांनी सुई मागे नेली. पुन्हा तेच. उजव्या अंगाला, लांबवर, कडी सरकल्याचा बारीक आवाज, मग बिजागरीची कुरकूर. खारू गात राहिली होती.

त्यांनी पहिली प्रत परत लावली. त्यात काही नाही. पंचविसावी परत लावली. दार उघडलं.

वहीत त्यांनी लिहिलं, ‘प्रत २५, गाणे ४, दार.’ मग ‘दार’ खोडून ‘बाहेरचा आवाज’ लिहिलं. हे लिहिताना त्यांना स्वतःचंच हसू आलं. बाहेरचा आवाज म्हणजे कुठला? साचा एकच. त्याच साच्यात गरम प्लास्टिकचा गोळा ठेवून तीनशे वेळा दाबायचा. तीनशे प्रती म्हणजे तीनशे सख्ख्या जुळ्या बहिणी. एकीत ओरखडा येईल, बुडबुडा येईल, पण दार कुठून येणार?

पन्नासाव्या प्रतीत दार उघडल्यावर पावलं आत आली. दोनच. एक पाऊल पुरतं वाजायचं, दुसरं फरशीवरून घासत यायचं. ठक, सर्र. मग थांबली.

३

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी खारूला फोन लावला.

“कशी आलीय गं मावशी? सांग ना! आई सकाळपासून दहा वेळा विचारतेय.”

“चांगली आलीय. एक विचारू? चौथं गाणं मुद्रित करताना खोलीत कोण होतं?”

“कोणी नाही. मी एकटीच. त्या दोघी खाली चहा प्यायला गेल्या होत्या, त्यांना घालवूनच दिलं मी. कोणी समोर असलं की ते गाणं मला म्हणताच येत नाही.”

“दार उघडं होतं?”

“आतून कडी लावली होती. का? काही खटखटतंय का?”

“नाही गं, सहज,” सेनबाई म्हणाल्या. खारूशी त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या असतील.

मग त्यांनी यंत्रावरच्या मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री साठीला आलेले, कमी बोलणारे. खेप त्यांनीच काढली होती, प्रत्येक प्रतीच्या पाकिटावर पेन्सिलनं क्रमांकही त्यांनीच घातले होते. त्यांनी हेडफोन लावून पन्नासावी प्रत ऐकली.

“कोणीतरी खोलीत आलंय,” ते म्हणाले. “आलं तर आलं. घरगुती काम आहे, असं व्हायचंच. चांगलं वाटतं उलट.”

“आता ही ऐका. पंचविसावी.”

त्यांनी ऐकली. मग पन्नासावी पुन्हा लावायला लावली. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचा अंगठा टेबलाची कड घासत होता.

“साचा बदलला होता का मधे?” सेनबाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग?”

मिस्त्रींनी हेडफोन काढून खिळ्याला नीट अडकवले. “बाई, मी छापणारा माणूस,” ते म्हणाले. “मला पुढची ऐकवू नका.”

४

माणसाला एकदा शंका आली की तो आधी स्वतःवर घेतो. सेनबाईंनीही तेच केलं. वय झालं, कान दमले, घरची खेप म्हणून जिवाला घोर लागलाय, असं त्या स्वतःला समजावत राहिल्या. पण मिस्त्रींनाही ऐकू आलं होतं, त्याचं काय करायचं? आणि मिस्त्रींसारखी एकच प्रत ऐकणाऱ्याला त्यात वावगं वाटण्यासारखं काही नव्हतंच. एका गाण्यात कोणीतरी दार उघडतं, इतकंच. विकत घेणारा प्रत्येकजण एकच प्रत घेणार. ती पावलं ओळीनं ऐकणारं माणूस सगळ्या जगात एकच होतं.

बुधवारी सकाळी त्यांनी पंचाहत्तरावी ऐकली, मग शंभरावी. प्रत्येक प्रतीत पावलं आणखी थोडी आत येत होती. उजवीकडून मध्याकडे. ती घाईत नव्हती. ओळखीच्या खोलीत, कोणाला त्रास न देता, गाणं संपायची वाट बघत येणाऱ्या माणसासारखी ती यायची. एकशे पंचविसावीत ती खारूच्या मागे पोचली. दीडशेव्या प्रतीत पावलं नव्हतीच. होता तो श्वास, खारूच्या डाव्या कानाशी, गाण्याच्या लयीत घेतलेला. खारू श्वास घ्यायची तिथेच तोही घ्यायचा.

सेनबाई उठल्या, दार सताड उघडं टाकलं आणि यंत्रांच्या गोंगाटात पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या.

मग खारूचाच फोन आला. पाकिटावरच्या चित्राचं काहीतरी होतं. ते बोलून झाल्यावर ती आपण होऊनच म्हणाली, “आणि काल तू विचारलंस ना, चौथ्या गाण्याचं? मला नंतर आठवलं. आलं होतं गं कोणीतरी.”

“काल तर म्हणालीस कडी होती.”

“म्हणाले का? असेल. पण आलं होतं. मागे उभं राहिलं जरा वेळ.”

“कोण?”

“मी कुठे वळून बघितलं? मी गात होते.” ती हसली. “वळले असते तर गाणं पुन्हा म्हणावं लागलं असतं!”

“खारू, नीट आठव. बाई होती की माणूस?”

खारू म्हणाली, “मावशी, हे मी तुला आधी सांगितलं नव्हतं का? मला वाटलं सांगितलंय.” तिच्या आवाजात भीती नव्हती. हरवलेली वस्तू कुठे ठेवली ते आठवत असलेल्या माणसाचा तो आवाज होता.

५

पोरीनं काल लपवलं असेल. किंवा आज मावशीला बरं वाटावं म्हणून रचून सांगितलं असेल. सेनबाईंनी दोन्ही गोष्टी मनात उलटसुलट करून पाहिल्या, आणि दोन्ही पटण्यासारख्या होत्या.

एकशे पंचाहत्तराव्या प्रतीत खारूचा आवाज एका जागी कापला. दोनशेव्या प्रतीत गिटार थांबली. मधल्या ओळीवरच. आणि खारू हळूच म्हणाली, “कोण?”

बस, इतकंच. मग तिनं ओळ पुन्हा उचलली. पण आवाज आता पहिल्यासारखा सरळ समोर येत नव्हता. तिनं मान थोडी डावीकडे वळवली होती.

दोनशे पंचविसावी प्रत टेबलावर होती. सेनबाईंनी ती पाकिटातून अर्धी बाहेर काढली. काळ्याभोर पृष्ठभागावर दिव्याचा उजेड रेघांवरून घसरत होता. चौथ्या गाण्याची पट्टी तर डोळ्यांनाही ओळखता यायची. शांत गाण्याच्या रेघा जरा गडद दिसतात. त्या पट्टीकडे त्या पाहत राहिल्या आणि त्यांच्या मनात आलं ते असं, की मी जितकं ऐकते तितकंच खारूला आठवतं. मी ऐकलं नाही तर ते घडणारच नाही.

बावीस वर्षं वहीत मिनिटं आणि सेकंद लिहिणाऱ्या बाईच्या डोक्यात हा विचार आला, याची त्यांना लाज वाटली. तरीही त्यांनी तबकडी पाकिटात घातली आणि टेबलाच्या खणात ठेवून खण बंद केला. वहीत पुढे त्यांनी काही लिहिलं नाही.

मग त्या बांधणीच्या टेबलाकडे गेल्या, उरलेल्या प्रती मोजून आपल्या खोलीत आणून ठेवाव्यात म्हणून. गठ्ठ्याची उंची नेहमीसारखीच वाटली, पण वरच्या प्रतीकडे त्यांचं लक्ष गेलं. पाकिटावर आकडा होता दोनशे चाळीस.

“वरच्या साठ कुठे गेल्या?”

बांधणीवरच्या बाईनं मान वर केली. “काल दुपारीच पाठवल्या. समीक्षकांना आणि आधी मागणी नोंदवली त्यांना. मालक म्हणाले, भाचीची खेप आहे, बाई काय नाही म्हणणार आहेत?”

शेवटी छापलेली प्रत गठ्ठ्यात सगळ्यात वर असते. म्हणून पहिल्यांदा बाहेर पडल्या त्या शेवटच्या साठ.

६

गुरुवारी सकाळी ताईनं फोनवर लेख पाठवला. नव्या, स्वतंत्र गाण्यांवर लिहिणारा एक समीक्षक दर आठवड्याला ‘लवकरच येताहेत, चुकवू नका’ असं सदर लिहायचा. खारूच्या वयाची सगळी मुलं ते वाचायची. यावेळी पाच अल्बम होते. पहिले चार त्यानं प्रत्येकी दोन ओळींत उरकले होते. पाचवा ‘हलकं सामान’. ताईनं खाली लिहिलं होतं, ‘वाच!! वाच!!’

सेनबाईंनी उभ्याउभ्याच वाचलं.

‘या अल्बममधलं चौथं गाणं हे या वर्षातलं सगळ्यात धाडसी गाणं आहे. गायिका एकटी गातेय. कोणीतरी येतं. ती गाणं थांबवते, क्षणभर काहीच बोलत नाही, आणि मग इतक्या अदबीनं, जणू घरी कोणी वडीलधारं आलंय, म्हणते, “बसा.” बाक कुरकुरतो. गाणं पुन्हा सुरू होतं. पुढची दीड मिनिटं मात्र मी लिहिणार नाही. ज्याचं त्यानं ऐकावं, एकट्यानं ऐकावं. मी तीनदा ऐकलं. चौथ्यांदा ऐकायचं धाडस अजून केलेलं नाही.’

खाली लोकांनी लिहिलं होतं. तबकडी घरी पोचलेल्या एकानं लिहिलं, ‘माझ्या प्रतीत ती बसा म्हणत नाही, ती नुसती बाजूला सरकते.’ दुसऱ्यानं त्याला वेड्यात काढलं होतं. तिसऱ्यानं लिहिलं होतं, ‘तुम्ही दोघं वेगवेगळं गाणं ऐकताय का? माझ्याकडे तर शेवटी तिचा आवाज’ आणि ते वाक्य तिथेच सोडून दिलं होतं.

सेनबाईंनी खारूला फोन केला. ती आनंदानं वेडी झाली होती.

“वाचलंस? धाडसी म्हणालाय!”

“खारू, तू कोणाला ‘बसा’ म्हणालीस?”

“म्हणजे काय? ते उभे होते ना. किती वेळ उभं ठेवायचं?”

“ते म्हणजे कोण गं, बाळ?”

“मावशी,” खारू समजावणीच्या सुरात म्हणाली, “मी अजून बघितलेलं नाही.”

लेख वाचूनच ती असं बोलतेय, असं सेनबाईंनी स्वतःला सांगून पाहिलं. पण तो ‘अजून’ त्यात बसेना.

७

दुपारी त्यांनी लाल शिक्का काढला. त्यांच्या बावीस वर्षांत बिनदोष खेपेवर तो उठला नव्हता. कारणाच्या रकान्यात काय लिहावं कळेना, तेव्हा त्यांनी रकाना कोराच ठेवला. खणातली प्रत काढली, उरलेल्या सगळ्या प्रती गाड्यावर घातल्या आणि चुरा करायच्या यंत्रापाशी नेल्या. मिस्त्री तिथे उभेच होते. त्यांनी एवढंच विचारलं, “कुठपर्यंत पोचलं होतं?”

“तिच्याशेजारी.”

मिस्त्रींनी बाह्या वर केल्या. दोघांनी मिळून एकेक तबकडी मधोमधचं लेबल कापून आत सोडली. कडकड आवाज होत होता. दर थोड्या वेळानं मिस्त्री यंत्र थांबवून कान द्यायचे आणि मग पुन्हा सुरू करायचे.

संध्याकाळच्या आत ताई कारखान्यात येऊन थडकली. रिक्षातून उतरली ती तशीच आत.

“काय केलंस तू? माझ्या पोरीचे चार वर्षांचे कष्ट यंत्रात घातलेस? का?”

“ताई, त्यात खोट होती.”

“कसली खोट? अख्खं गाव डोक्यावर घेतंय आणि तुलाच तेवढी खोट दिसली?”

“ताई, तू तिचं चौथं गाणं कुठल्या प्रतीवर ऐकलंस?”

“मी कुठे प्रत ऐकतेय! मी ते घरी ऐकते, ती सराव करते तेव्हा.” ताईचा राग एकाएकी ओसरला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, “दोन दिवसांपासून भिंतीला पाठ लावून बसते गाताना. मी म्हटलं, अशी काय बसतेस अवघडून? तर म्हणते, मागून आलेलं मला आवडत नाही, समोरून आलेलं बरं.”

बाहेर यंत्रं चालूच होती.

“शनिवारी ते गाणं तिला म्हणू देऊ नकोस,” सेनबाई म्हणाल्या. “बाकीची म्हणू दे. तेवढं एक नको.”

ताईनं हो म्हटलं. खारूनंही फोनवर “बरं, नाही म्हणत” म्हटलं. इतक्या चटकन म्हटलं, की सेनबाईंना वाटलं, आपण उगाच कांगावा केला.

८

प्रकाशन शनिवारी दुपारी चार वाजता होतं, गल्लीतल्या एका जुन्या तबकड्यांच्या दुकानात. काचेतून स्वच्छ ऊन आत येत होतं. खोकी कडेला सरकवून मधे जागा केली होती. चाळीस-एक माणसं दाटीवाटीनं उभी. दुकान लहान म्हणून माईक नव्हता, स्पीकर नव्हते. समोरच्या भिंतीला लावून एक लाकडी बाक ठेवला होता, दोघं बसतील एवढा. खारू त्याच्या बरोबर मधे, भिंतीला पाठ लावून बसली होती. दोघी मैत्रिणी तिच्या उजव्या हाताला खाली सतरंजीवर.

पहिलं गाणं झालं. दुसरं, तिसरं. मग तिनं सरळ पाचवं म्हटलं, आणि सेनबाईंनी इतका वेळ आवळून धरलेलं ताईचं मनगट सोडलं. सहावं झालं, सातवं झालं. खारू उठून हात जोडणार, इतक्यात मागून कोणीतरी ओरडलं, “चौथं!”

“चौथं! चौथं!” सगळेच हसत ओरडायला लागले. लेख सगळ्यांनी वाचला होता.

खारूनं गर्दीत मावशीला शोधलं. तिची नजर माफी मागणारी होती. सेनबाईंनी मान हलवली, जोरानं, नाही नाही म्हणून. खारूनं गिटारीवर बोटं ठेवली.

रिकाम्या खोलीचं गाणं भरल्या दुकानात सुरू झालं. पहिलं कडवं, दुसरं कडवं. गिटार क्षणभर थांबली.

दुकानाचं दार उघडलं. काचेचं दार, वर छोटी घंटी, ती वाजली. दाराशी उभ्या असलेल्या माणसानं मागे न बघताच अंग चोरून वाट दिली. मग त्याच्या पुढच्या बाईनं. मग तिच्या पुढच्या दोघांनी, गाण्यातून लक्ष न काढता. सगळ्यांचे डोळे खारूकडेच होते. गर्दीमधून एक अरुंद वाट उघडत पुढे चालली होती आणि मागे मिटत येत होती. चाळीस माणसांच्या श्वासातूनही सेनबाईंना ऐकू आलं. ठक, सर्र. ठक, सर्र.

ती वाट त्यांच्या खांद्याला चाटून गेली. त्या स्वतःही सरकल्या. आपण सरकलो हे त्यांना नंतर कळलं.

खारूनं गाणं थांबवलं. तिनं समोर, थोडं वर, उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तसं पाहिलं. यावेळी तिनं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते भय नव्हतं. परीक्षेचा निकाल लागल्यावर पोरं जशी एकदम शांत होतात, तसं काहीतरी होतं.

“बसा,” ती म्हणाली आणि उजवीकडे सरकली.

लोक खुदकन हसले. बाकाची डावी फळी कुरकुरली आणि मधे वाकली.

मग गाणं पुन्हा सुरू झालं. लोक माना डोलवत होते, ताईच्या डोळ्यांत पाणी होतं. आवाज खारूचाच होता, तोच गोडवा, तोच शब्दाच्या शेवटी घेतलेला हलका हेल. फक्त तो हातभर डावीकडून येत होता. बावीस वर्षं आवाजाची जागा ओळखण्यावर जगलेल्या बाईला त्यात शंका नव्हती. त्या वाकलेल्या रिकाम्या फळीवरून खारूचा आवाज ‘आवाज तेवढा राहू दे’ म्हणत होता आणि खारूचे ओठ जेमतेम अर्ध्या क्षणानं त्याच्या मागून हलत होते.

९

टाळ्या थांबेनात. लोक तिच्याभोवती गोळा झाले, कोणी सही घेतली, कोणी फोटो काढला. प्रत्येकजण उजव्या बाजूनं जात होता. डाव्या बाजूला भरपूर जागा असूनही कोणी तिकडून गेलं नाही, आणि आपण का वळसा घालतोय असंही कोणाला वाटल्याचं दिसलं नाही.

ताई जाऊन लेकीच्या गळ्यात पडून आली. “बघितलंस?” ती बहिणीला म्हणाली. “उगाच घाबरवलंस मला. जा, जवळ घे तिला. तुझी वाट बघतेय.”

सेनबाई निघाल्या. त्यांचे पाय त्यांना सरळ रेषेत नेत होते. फळी अजून वाकलेली होती.

“मावशी, तिकडून नको गं. इकडून ये.”

त्यांनी वळसा घातला. उजव्या बाजूनं जाऊन खारूसमोर वाकल्या आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. हात गरम होते. तारांनी बोटांची टोकं लाल झाली होती. पोरगी धडधाकट होती, जिवंत होती, त्यांच्याकडेच बघत होती, आणि तिचे ओठ मिटलेले होते.

“आवडलं का गं तुला?” खारूच्या आवाजानं डावीकडून विचारलं. त्यानंतर खारूचे ओठ हलले.

सेनबाईंच्या मानेचा एक स्नायू त्या आवाजाच्या दिशेनं वळू पाहत होता. बावीस वर्षांची सवय. त्यांनी मान वळू दिली नाही. त्या खारूच्या डोळ्यांकडे बघत राहिल्या, तिचे हात दाबून धरून, आणि इतक्या अदबीनं बोलल्या की स्वतःचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

“हो,” त्या म्हणाल्या. “फार छान झालं.”